गॅरेजमध्ये गाडीचे नुकसान झाले, तर भरपाई कोणाकडून?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश अधूनमधून फिरत असतो. त्याचा आशय असा: गाडी दुरुस्तीला दिल्यावर तिचे काही झाले, तर नुकसान मालकाचेच; गॅरेजमध्ये ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी असते आणि जॉबकार्डावर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर, आपण सही केलेली असते, त्यामुळे कोर्टात काही चालत नाही; मेकॅनिकची चूक सिद्ध करणे आपल्यावर असते आणि ते कधी जमत नाही; तेव्हा भांडत न बसता स्वतःचा विमा वापरावा आणि मोकळे व्हावे. लिहिणाऱ्याचा हेतू लोकांचा मनस्ताप वाचवण्याचा असेलही, पण यातले प्रत्येक विधान चुकीचे तरी आहे किंवा अर्धवट तरी, आणि ते खरे मानून भरपाईचा हक्क असलेला माणूस ती न मागताच घरी परततो.

पहिल्या विधानात मालकी आणि ताबा यांची गल्लत झाली आहे. गाडी आपल्या नावावर असते हे खरे, पण चावी देऊन ती दुरुस्तीसाठी सोडली की ताबा गॅरेजकडे जातो, आणि भारतीय करार कायदा, १८७२ या व्यवहाराला निक्षेप मानतो. विशिष्ट कामासाठी वस्तू सोपवायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, असा हा करार असतो. तो लेखी असावा लागत नाही. कलम १५१ सांगते की सर्वसाधारण विवेकी माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी ताबा घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १५२ त्याची दुसरी बाजू सांगते: एवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर, वेगळा करार नसल्यास, तो जबाबदार नाही. म्हणजे गॅरेजवाला आपल्या गाडीची विमा कंपनी नव्हे, पण तो निव्वळ बघ्याही नव्हे.

येथे पुण्यातली एक नेहमीची सबब पाहण्यासारखी आहे. नाना पेठेसारख्या दाट भागातल्या गॅरेजांत चार गाड्यांची जागा आणि दहा गाड्यांचे काम असते, त्यामुळे उरलेल्या गाड्या बाहेर रस्त्याच्या कडेला लागतात. रात्री कोणी आरसा तोडला किंवा टेम्पोने दार चेपले, की ‘गाडी आमच्या आवारात नव्हतीच’ असे उत्तर मिळते. परंतु कायदा ताबा पाहतो, आवाराची भिंत नाही. चावी गॅरेजच्या खुंटीवर होती आणि गाडी कोठे उभी करायची हे गॅरेजने ठरवले होते, तर तेथे ती उभी करणे ही पुरेशी काळजी होती का, हाच प्रश्न उरतो. टेम्पोवाला सापडला, तर कलम १८० नुसार त्याच्यावर मालकही दावा करू शकतो आणि गॅरेजही.

आता पाटी आणि जॉबकार्डावरची सही. हा संदेशाचा सर्वांत प्रभावी भाग आहे, कारण पाटी डोळ्यांना दिसते आणि कलम दिसत नाही. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिला. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीतल्या त्या हॉटेलात आलेल्या एका ग्राहकाने आपली मारुती झेन हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगसाठी चावीसह सोपवली. गाडी चोरीला गेली. त्याला दिलेल्या पार्किंगच्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जोखमीवर असल्याचे छापलेले होते, आणि हॉटेलचा सारा भर त्याच मजकुरावर होता. न्यायालयाने तो मानला नाही. चावीसह गाडी घेतली म्हणजे निक्षेप झाला. तशी ती परत देता आली नाही, तर आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणामुळे हे घडले नाही, हे प्रथमदर्शनी हॉटेलने दाखवायचे. आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील मजकुराने झटकता येत नाही. आपण योग्य काळजी घेतली होती हे हॉटेलने आधी दाखवले, तरच अशा अटीला काही अर्थ उरतो.

हे प्रकरण हॉटेलचे आहे, गॅरेजचे नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण निकालाचा पाया करार कायद्यातल्या याच कलमांवर आहे, आणि पार्किंगसाठी काही तास सोपवलेल्या गाडीला जो न्याय, तो दुरुस्तीसाठी आठवडाभर सोपवलेल्या गाडीला कमी मिळावा, याचे कारण मला तरी दिसत नाही. उलट गॅरेजवाला व्यवसाय म्हणून गाड्या हाताळतो आणि त्याचे पैसे घेतो.

चूक सिद्ध करण्याचे ओझे सर्वस्वी मालकावर असते, हे विधानही याच निकालापुढे टिकत नाही. गॅरेजच्या आत काय घडले, हे विशेषकरून गॅरेजलाच ठाऊक असते, आणि ज्याच्या खास माहितीतली गोष्ट, ती त्यानेच सिद्ध करावी, हा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे. पूर्वीच्या कायद्यातले कलम १०६ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १०९ झाले आहे. मालकाने दाखवायचे ते एवढेच, की गाडी दिली तेव्हा ती कशी होती आणि मिळाली तेव्हा कशी होती. संदेश लिहिणाऱ्याने जॉबकार्डाला बेडी ठरवले आहे. खरे तर आधीचे ओरखडे, इंधनाची पातळी आणि किलोमीटरचा आकडा त्यावर नोंदवलेला असला, की तेच मालकाचे पहिले साधन ठरते. सही करण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी आणि डॅशबोर्डचे छायाचित्र काढायला दोन मिनिटे पुरतात.

ट्रायल घेताना झालेल्या अपघाताबद्दल संदेशात शब्द नाही, पण पुष्कळ तंटे तेथूनच सुरू होतात. ब्रेक तपासण्यासाठी चक्कर मारणे हा कामाचा भाग आहे; त्यात कामगाराने निष्काळजीपणाने गाडी ठोकली, तर त्या कामगाराचा मालक म्हणून गॅरेजवाल्याला उत्तर द्यावे लागते. पोऱ्याने त्याच गाडीतून घरचे सामान आणायला जाणे ही मात्र वेगळी गोष्ट. ठरलेल्या हेतूबाहेर वस्तू वापरली, तर त्या वापरात झालेल्या नुकसानीची जबाबदारी कलम १५४ सरळ वापरणाऱ्यावर टाकते, मग त्याने कितीही काळजी घेतलेली असो. कायद्यातले उदाहरण घोड्याचे आहे: बनारसला जाण्यासाठी कलकत्त्यात भाड्याने घेतलेला घोडा कटकला नेला, नीट सांभाळून नेला, तरी वाटेत तो पडून जायबंदी झाला, तर नेणारा जबाबदार. दीडशे वर्षांत घोड्याच्या जागी हॅचबॅक आली, एवढेच.

रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली, तर त्याची भरपाई हा निराळा विषय आहे. १९८८ साली गोव्यातल्या एका प्रकरणात दुरुस्तीला दिलेली गाडी मेकॅनिकच्या माणसाने चालवताना अपघात झाला होता, आणि जखमीला भरपाई देण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या विमा कंपनीवर ठेवली. त्यावरून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा निष्कर्ष काढता येत नाही.

‘आपला विमा वापरा आणि मोकळे व्हा’ या सल्ल्यात व्यवहारज्ञान आहे, हे मान्य केले पाहिजे. पैसे लवकर हवे असतील, तर तो मार्ग सहसा जवळचा. पण मोकळे होता येत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये अनिवार्य वजावट, म्हणजे दाव्यातली आपण स्वतः सोसायची रक्कम, असते. शून्य घसाऱ्याचे, म्हणजे भागांच्या जुनेपणापोटी रक्कम न कापण्याचे, संरक्षण घेतलेले नसेल, तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. आणि सलग पाच दावारहित वर्षांनंतर विमा हप्त्यात मिळणारी ५० टक्क्यांची सवलत पुढच्या नूतनीकरणात जाते. शिवाय खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत वाहन-व्यवसायाशी संबंधित वापर वगळलेला असतो, त्यामुळे मेकॅनिक गाडी चालवत असताना झालेल्या नुकसानीत कंपनी त्या अटीवर बोट ठेवू शकते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे विमा वापरल्याने गॅरेज सुटत नाही. दिल्लीच्या त्या प्रकरणात मालकाला २,८०,००० रुपये देऊन झाल्यावर त्याच्या जागी उभी राहून हॉटेलविरुद्ध लढली ती विमा कंपनीच. विम्याने भरलेली रक्कम पुन्हा गॅरेजकडून घेता येत नाही, पण वजावट, घसारा आणि गेलेली सवलत मागता येते. म्हणून दावा चालू असताना ‘माझी काही तक्रार नाही’ असे गॅरेजला लिहून देऊ नये. गॅरेजवाल्यांसाठीही त्यांच्या आवारातल्या वाहनांचा विमा असतो; तो काढलेला आहे का, हे विचारायला हरकत नाही.

पुराच्या बाबतीत मात्र संदेशाला थोडे झुकते माप द्यावे लागेल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला अचानक लोंढा आला, तेव्हा अरण्येश्वर आणि सहकारनगर परिसरात गाड्या वाहून गेल्या. अशा रात्री एखाद्या गॅरेजातली गाडी गेली असती, तर कलम १५२ चा आधार गॅरेजला मिळू शकला असता. पण ज्या ओढ्याने एकदा तडाखा दिला, त्याच्याच काठी पावसाळ्यात गाड्या सखल भागात ठेवणाऱ्याला, किंवा खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आल्यावरही नदीकाठची गाडी न हलवणाऱ्याला, तोच आधार मिळणे अवघड आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरल्यानंतर तर ‘कल्पना नव्हती’ असे तेथे कोणाला म्हणता येणार नाही.

नुकसानीचा वाद निघाला, की ‘आधी बिल भरा, मग गाडी न्या’ असे ऐकावे लागते. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० गॅरेजला देते, हे खरे आहे. तो हक्क त्या कामापुरता आहे. गॅरेजने स्वतः चेपलेले दार सरळ करण्याचा खर्च त्यात घुसडून गाडी अडवता येत नाही. आक्षेप नोंदवून, म्हणजे पावतीवर किंवा ई-मेलमध्ये तसे लिहून, बिल भरावे आणि गाडी सोडवावी.

राहिला ‘कोर्टात काही चालत नाही’ हा शेरा. वेळ लागतो, यात वाद नाही. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे महामार्गावरच्या परगावच्या गॅरेजविरुद्धही पुण्यातून. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला करून देतो’ या तोंडी आश्वासनाने ती थांबत नाही, म्हणून नुकसान दिसले त्याच आठवड्यात छायाचित्रांसह लेखी मागणी पाठवावी आणि तिची पोच जपून ठेवावी.