ईथ० ‘कधीच बदलत नव्हतं’ म्हणे

लिनक्सवाल्यांमध्ये नेटवर्क कार्डांच्या नावांबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ईथ० हे जुनं नाव सुटसुटीत होतं, कधीच बदलत नव्हतं. सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणारी प्रणाली) हट्टाने ईएनपी३एस० असली वाटेल ती नावं आणली. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) नवी नावं बंद करणारा नेट.इफनेम्स=० हा पर्याय टाका आणि मोकळे व्हा.’

सुटसुटीत होतं, हे मान्य.

‘बदलत नव्हतं’ हे मात्र एकच कार्ड असलेल्या मशीनपुरतं खरं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कार्ड सापडतील तशी ईथ०, ईथ१ नावं वाटत जातो, आणि दोन कार्डांपैकी कोणतं आधी सापडेल याची हमी नसते. फायरवॉलवर हे महागात पडतं. रीबूटनंतर नावांची अदलाबदल झाली, तर आतल्या नेटवर्कसाठी लिहिलेले सैल नियम इंटरनेटच्या बाजूला लागतात. यूडेव्ह हा उपकरणं हाताळणारा प्रोग्राम मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लक्षात ठेवून जुनी नावं परत लावायचं, पण ते ईथ१ चं ईथ० करायला जाईपर्यंत कर्नलने तेच नाव दुसऱ्या कार्डाला दिलेलं असायचं.

हट्ट म्हणाल तर, ही नावं आणणारी सिस्टमडीची आवृत्ती १९७ आली २०१३ मध्ये. त्याआधीच, २०११ च्या फेडोरा १५ या लिनक्समध्ये, डेलचं बायोसडेव्हनेम हे साधन ईएम१ अशी नावं देत होतं. दुखणं सगळ्यांचंच होतं.

आणि ‘वाटेल ती’? ईएन म्हणजे ईथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस (मशीनमधली कार्डं जोडायची वाट) ३, एस० म्हणजे स्लॉट ०. एलएसपीसीआय ही पीसीआय कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा, तेच कार्ड ०३:००.० वर दिसेल. (तिथले आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले असतात, नावातले दशमान. त्यामुळे ०ए, म्हणजे दहा, वरचं कार्ड ईएनपी१०एस० होतं. इथे भलेभले गोंधळतात.)

एक तक्रार मात्र रास्त आहे. ही नावंही अढळ नाहीत. नवं पीसीआय कार्ड बसवलं की बसचे क्रमांक सरकू शकतात, आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होऊन नेटवर्क बंद पडतं. नाव जागेवरून ठरतं, आणि जागेचा क्रमांकच हलला.

पण त्यावर नेट.इफनेम्स=० हा उपाय नव्हे; त्याने पुन्हा सापडण्याच्या क्रमावर येऊन पडाल. एकच कार्ड असेल तर खुशाल टाका. जास्त असतील तर /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये प्रत्येकासाठी एक .लिंक फाइल लिहा: मॅक ॲड्रेस जुळवा आणि लॅन०, वॅन० असं आपलं नाव द्या, १५ अक्षरांच्या आत. फक्त ईथ० ठेवू नका, नाहीतर कर्नलशी तीच जुनी झटापट सुरू.