'हौस' म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांना उत्तर

मेल्यावर अवयव द्यायची तयारी सांगणारं कार्ड मी घेतलं, त्यावरच्या माझ्या 'डोनर कार्ड घेतलं' या लेखाखाली परवा रात्री पावणेबाराला 'एक स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आली. सगळ्यांनी वाचली नसेल, म्हणून आधी ती जशीच्या तशी देते:

"ताई, फॉर्म भरून कार्डाचा फोटो टाकणं सोपं असतं. मेल्यावर थोर व्हायची हौस, दुसरं काय. सही तुमची, पण आयसीयूच्या बाहेर उभं राहून हो-नाही पोरांना म्हणावं लागतं, त्यांना विचारलंत का? डॉक्टर घाई करतात, कोमातून माणसं उठतात, आणि अवयव शेवटी पैसेवाल्यांनाच जातात. दोन तपासण्यांत बारा तास नाही, सहा तास असतात, तेवढं तरी वाचून लिहा."

आधी चूक कबूल करते, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा थांबलाय, असं जाहीर करण्याआधी चार डॉक्टर दोनदा तपासणी करतात आणि दोन्हींत निदान सहा तासांचं अंतर लागतं. मी बारा लिहिले होते. सहा बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे. एवढंच सांगितलं असतंत तर आभारही मानले असते, पण 'तेवढं तरी वाचून लिहा' हे शेपूट जोडल्याशिवाय तुम्हाला झोप लागली नसती बहुतेक.

आता 'हौस'. हा शब्द दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. हौस पैठणीची असते. बारशाला शंभर पानं उठवायची असते. मरणाची हौस मी तरी कोणाला असलेली पाहिली नाही, आणि मेल्यानंतरच्या थोरपणाची म्हणाल तर त्याचा जरा हिशोब करू. बँकेत ३२ वर्षं तेच केलंय.

हृदय, यकृत, मूत्रपिंडं द्यायची, तर माणूस अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना त्याचा मेंदू कायमचा थांबायला हवा. असं मरण फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मी घरात झोपेत गेले (मला तेच आवडेल), तर हृदय थांबल्यावर त्यातलं काही कामाचं राहत नाही. उरतात मुख्यतः डोळे आणि त्वचा, तेही कोणी वेळेवर फोन केला आणि सहा तासांच्या आत माणसं आली तर. डोळ्यांतला उपयोगी पडतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्वचेचा मांडीवरून, पाठीवरून पापुद्रा काढतात. तो शीवच्या स्किन बँकेत ठेवतात आणि भाजलेल्या माणसाच्या जखमांवर पांघरतात, त्याची स्वतःची कातडी येईपर्यंत. आणि ज्याला मिळतं त्याला माझं नावही सांगणार नाहीत. म्हणजे ६३ वर्षांच्या बाईची मांडीची कातडी, बिननावाची, काही आठवड्यांसाठी. यातून थोर कसं व्हायचं ते तुम्हीच सांगा, तुम्ही स्पष्टवक्ते आहात.

आणि मी काही परवा मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून या विषयावर लिहायला बसलेले नाही. माझे वडील मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय होते. आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये हृदय बदलायची शस्त्रक्रिया केली, दक्षिण आफ्रिकेत झालेल्या जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच गेला. तेव्हा आपल्याकडे ब्रेन डेडला मृत्यू मानणारा कायदाही नव्हता, तो यायला १९९४ उजाडलं. वडील त्या ऑपरेशनच्या आसपासही नव्हते, त्यांची ड्युटी दुसऱ्या मजल्यावर होती, पण आयुष्यभर ती गोष्ट आत उभं राहून बघितल्यासारखी सांगायचे. आमच्या घरात जेवताना हे विषय निघत. रक्तदानाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: २७ वेळा.

हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही लिहायला लावलंत. माझा धाकटा भाऊ २००९ च्या पावसाळ्यात पूर्व द्रुतगती मार्गावर स्कूटरवरून पडला. ४१ वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं, मेंदू गेलाय, श्वास मशीनचा आहे, हृदय त्या जोरावर चाललंय. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बाहेर आलो तर बिलाच्या खिडकीशेजारी उभं करून एका बाईंनी विचारलं, "अवयवदानाचा काही विचार केलाय का?" आईला ऐकायला कमी येतं, तिला वाटलं, बिलात काही सूट देतायत. आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं. साताऱ्याहून आलेले काका म्हणाले, "पोराला अखंड न्यायचा." वहिनी एकच विचारत होती, "ह्यांच्या मनात काय असेल?" कोणालाच माहीत नव्हतं. क्रिकेट, लोकल, गावच्या घराची कौलं, सगळ्यावर तासन्‌तास बोलणारा माणूस, या एका गोष्टीवर कधी एक शब्द बोलला नव्हता. चहा गार झाला आणि आम्ही नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हृदय थांबलं. अपघाताची केस, म्हणून पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम आलंच. अखंड न्यायचा होता, तो छातीपासून पोटापर्यंत टाके घातलेला हातात मिळाला. काका तेव्हा काही बोलले नाहीत. मीही नाही.

हे पाहिलेल्या बाईने कार्ड घेतलं, तर ती हौस. बरं.

आता राहिलेलं, पटापट.

कोमातून माणसं उठतात. उठतात की. कोमा वेगळा, ब्रेन डेड वेगळं. आमच्या केईएममध्येच तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यावर, १९७३ पासून २०१५ पर्यंत पडून होत्या. लोक सरसकट त्याला कोमा म्हणत, पण इतकी वर्षं श्वास त्यांचा त्या घेत होत्या. ब्रेन डेड माणूस तो घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावरही छाती हलते का, ते डॉक्टर उभं राहून बघतात. नाही म्हणजे नाही हलत. आणि प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी कोणालाही त्या चौघांत बसता येत नाही. घाई कोणी करायची?

पैसेवाल्यांनाच जातात. मुंबईची प्रतीक्षायादी शीवला झेडटीसीसी या अवयववाटप बघणाऱ्या केंद्राकडे असते. रक्तगट, यादीतला क्रम, आजाराची निकड बघून अवयव ठरतो. कृपा करून २०१६ चं किडनी रॅकेट मध्ये आणू नका. ती जिवंत माणसाची किडनी होती, खोटी बायको उभी करून मिळवलेली. ऑपरेशनचा खर्च लाखांत जातो आणि ज्याच्याकडे लाख नाहीत तो यादीपर्यंत पोचतच नाही, हे मान्य, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

पोरांना विचारलंत का. हा आमच्या घरचा प्रश्न आहे, तुमचा संबंध काय? तरी सांगते. मुलगी पुण्याला असते, तिला कार्डाचा फोटो पाठवला, तिने अंगठा पाठवला. मुलगा हा विषय काढला की ताटावरून उठतो. एकदा तर वाढलेला भात तसाच टाकून गेला. होईल हळूहळू. कार्ड माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे आहे, ज्याला हवं त्याला सापडेल.

यापुढे लिहायचं असेल तर स्वतःच्या नावाने लिहा, नाहीतर प्रतिक्रिया ठेवणार नाही. मी मुलुंडला राहते, माझं नाव वर दिलेलं आहे, फोटोही आहे. आणि मला 'ताई' म्हणू नका. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे वाटता. काकू म्हणा.