खुलासा: विंडोजमधून मराठी गेलेलं नाही

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्यांपासून सोसायट्यांच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘नव्या विंडोजमधून मराठी काढलंय. सोबतचा मंगल फॉन्ट टाका, जुन्या फाइली उघडतील.’ दोन्ही गोष्टी चूक.

विंडोज १० आणि ११ मध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट असतोच, त्यात मराठी नीट दिसतं. मंगलच हवा असेल तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्या. फुकट आहे. मेसेजसोबतची अनोळखी झिप फाइल कशाला उघडायची?

जुन्या फाइलींचं दुखणं वेगळंच. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘का’ फाइलीत इंग्रजी डी आणि के म्हणून साठवलेला असतो. फॉन्ट त्यावर नुसता देवनागरी मुखवटा चढवतो. मंगल युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा; त्याच्या लेखी डी म्हणजे डीच. तो लावून गिचमिड तशीच राहणार. मूळ फॉन्ट टाका, नाहीतर कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा (रफार आणि पहिली वेलांटी मात्र डोळ्यांनी तपासा, घोळ तिथेच होतो).

मूळ फॉन्ट टाकूनही जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत दिसत नसेल, तर फॉन्टच्या फाइलीवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.