आम्ही पाणी तयार केलं तेव्हाची गोष्ट

एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं आणि त्याच महिन्यात आमच्या चौघांच्या बॅचनं कॉलेजच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये शून्यातून पाणी निर्माण केलं. बोलाफुलाला गाठ पडते ती अशी.

मेकॅनिकलचं दुसरं वर्ष, विषय फ्लुइड मेकॅनिक्स, प्रयोग व्हेंचुरीमीटरचा. व्हेंचुरीमीटर म्हणजे कंबर आवळलेला पाइप. कमरेपाशी पाण्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. तो फरक मॅनोमीटरमधला पारा दाखवतो आणि त्यावरून किती पाणी जायला हवं ते सूत्रानं काढायचं. मग खरोखर किती गेलं ते पलीकडच्या टाकीत मोजायचं. पातळी १० सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले, एवढंच. खरं भागिले सूत्रातलं, म्हणजे ‘सीडी’. थोडं घर्षणात जातंच, म्हणून हा सीडी ०.९८ च्या आसपास येतो. आमचा १.३७ आला.

सरांनी वही जवळ धरली, लांब धरली, चष्मा काढून पाहिली.

“म्हणजे सूत्र म्हणतं त्याच्यापेक्षा ३७ टक्के जास्त पाणी बाहेर आलं?”

“हो सर.”

“मग ती रेल्वे कशाला पळवतायत? तुम्हा चौघांना आणि हा पाइप लातूरला पाठवून देऊ.”

दोष स्टॉपवॉचवाल्याचा होता. (तो आता बँकेत आहे. तिथे तरी वेळेवर बटण दाबत असेल.) टाकीत जवळपास तीन सेंटिमीटर पाणी चढून गेल्यावर त्याला आपल्या हातात स्टॉपवॉच असल्याची आठवण झाली. वेळ कमी भरला, पाणी जास्त दिसलं. मी स्वतः व्हॉल्व्हवर होतो. आदल्या आठवड्यात तो एकदम उघडून मॅनोमीटरमधला पारा फरशीवर सांडवण्याचा पराक्रम माझा, त्यामुळे मी कुणाला बोलण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

प्रयोग पुन्हा करा, असं सर सांगून गेले. लॅबच्या मामांनी मात्र पंप बंद करून टाकला. “पोरांनो, पाणी कशाला वाया घालवता? आधी खाली ०.९८ लिहा आणि मग एकेक पायरी वर चढत जा.”

त्या दिवशी आम्हाला विषय कळला. उत्तरापासून सेकंदांपर्यंत उलटं चढायचं म्हणजे सूत्रातलं प्रत्येक वर्गमूळ, प्रत्येक वर्ग डोक्यात बसायला लागतो. शिवाय सगळीकडे ०.९८ लिहून चालत नाही, संशय येतो. म्हणून ०.९७६, ०.९८१, मध्येच एक चिडका ०.९६४. प्रामाणिकपणे प्रयोग केला असता तर २० मिनिटं लागली असती. आम्हाला चार तास लागले.

तारखांचंही तेच. एप्रिलमध्ये सबमिशन आणि जर्नलमध्ये जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्या तारखा एका रात्रीत तीन वेगवेगळ्या पेनांनी. याची मला थोडी टोचणी होती. मग लायब्ररीत एक दिवस ज्याच्या नावाचं समीकरण आम्ही घोकत होतो त्या डॅनियल बर्नोलीचं चरित्र वाचलं. त्याचं ‘हायड्रोडायनॅमिका’ १७३८ मध्ये छापून आलं. पुढे त्याचे तीर्थरूप योहान बर्नोली यांनी त्याच विषयावर आपलं ‘हायड्रॉलिका’ काढलं आणि हे आपल्याला आधीच सुचलं होतं असं दिसावं म्हणून त्यावर साल टाकलं १७३२! वाचून मला एवढं हलकं वाटलं की विचारू नका. मागची तारीख टाकायची परंपरा या विषयाच्या मुळातच आहे. आम्ही फक्त वारसा चालवत होतो.

रेनॉल्ड्सच्या प्रयोगाचंही ऐका. १८८३ मध्ये मँचेस्टरला त्यानं काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार सोडली. हळू वाहतं तोवर धार सुतासारखी सरळ राहते, वेग वाढला की विस्कटते. आमची धार पहिल्या सेकंदापासूनच विस्कटलेली, कारण भिंतीपलीकडे वर्कशॉपमध्ये फर्स्ट इयरची पोरं तापलेल्या लोखंडावर घण घालत होती. रेनॉल्ड्सच्या मूळ उपकरणावर पुढे प्रयोग केला तेव्हा रस्त्यावरच्या रहदारीनं तिथेही असाच घोळ घातला म्हणे. हे मी ओरलला सांगितलं असतं, पण एक्स्टर्नल नुकतेच जेवून आले होते. त्यांनी विचारलं, “न्यूटनचा चिकटपणाचा नियम न पाळणारा द्रव सांगा.” मी म्हणालो, “श्रीखंड. वाटी उलटी केली तरी पडत नाही. जोर लावला की मगच हलतं.” त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मला पुढचा प्रश्न आला नाही.

थिअरीत मला ४१ पडले. पेपरात नेव्हिअर-स्टोक्सच्या, म्हणजे द्रव कसा वाहतो ते सांगणाऱ्या समीकरणांना सहा मार्क होते. त्या समीकरणांना नेहमीच नीट उत्तर असतं का, हे सिद्ध करणाऱ्याला अमेरिकेतली क्ले संस्था २००० सालापासून दहा लाख डॉलर द्यायला बसली आहे. मी तो प्रश्न ऑप्शनला टाकला होता.

खरी परीक्षा सुट्टीत घरी झाली. गच्चीवरची टाकी धुऊन झाली आणि स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली. बाबा म्हणाले, “दोन वर्षं फी भरतोय. बघ जरा.”

मी कागद घेतला. टाकीतलं पाणी नळापासून चार मीटर उंच. “टोरिसेलीच्या सूत्राप्रमाणे बाबा, पाणी सेकंदाला ८.८६ मीटर वेगानं यायला पाहिजे.”

बाबांनी नळाकडे पाहिलं. “मग येत का नाही?”

“यात घर्षण धरलेलं नाही.”

“मग धर ना!”

घर्षण धरायला पाइपची लांबी लागते, आतला खडबडीतपणा लागतो, एल्बो, म्हणजे पाइपची वळणं, किती ते लागतं. ते सगळे भिंतीच्या आत. मी भिंतीवर टिचक्या मारून एल्बो मोजत असताना आईनं प्लंबरला फोन केला.

प्लंबर आला. त्यानं नळ उघडला, कान लावला, म्हणाला, “लाइनीत हवा धरलीय.” मग पिशवीतून रबरी पाइपचा तुकडा काढला, एक टोक नगरपालिकेच्या नळाला लावलं, दुसरं आमच्या रुसलेल्या नळाला, आणि दोन्ही उघडून खालचं पाणी उलटं वर चढवलं. गच्चीवर टाकीत गुडगुड गुडगुड झालं.

“झालं,” तो म्हणाला. “दीडशे द्या.”

पद्धत मला ओळखीची वाटली.