सर्टिफिकेट बघायला काय जातं?

चार दिवस. फक्त चार दिवस इचलकरंजीला लग्नाला गेलो होतो. राणीला, आमच्या साडेचार किलोच्या पॉमेरेनियनला, बेळगावातच एका बोर्डिंगवाल्याकडे, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्याकडे, ठेवलं. रोजचे पैसे आगाऊ मोजून घेतले त्यानं. लसीचं पुस्तक मी आपणहून पुढं केलं, तर उघडूनसुद्धा बघितलं नाही. "राहू दे ओ अक्का, एनू आगंगिल्ल!"

काही होत नाही म्हणे! घरी आणल्यावर पाचव्या दिवशी रात्री तिला असा खोकला सुटला की घरात सगळे उठून बसले. कोरडा, भोंगा वाजल्यासारखा, आणि शेवटी ओकारी आल्यासारखं करून पांढरा फेस. सासूबाई म्हणाल्या, घशात हाड अडकलंय. शेजारच्या काकू माणसांचं खोकल्याचं औषध घेऊन आल्या. मी हात जोडले. त्यात पॅरासिटामॉल नाहीतर झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते, कुत्र्यांना विषारी) असलं तर एवढ्याशा जिवाचं काय होईल?

डॉक्टरांनी गळ्यावर नुसतं हलकं दाबलं, लगेच खोकली. केनेल कफ, कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. हवेतून, एकाच भांड्यातल्या पाण्यातून, नाकाला नाक लावून पसरतो. लागण झाल्यावर दिसायला दोन दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणजे आमचे चार दिवस कुठं गेले ते कळलं. फोन केला तर तो माणूस शांतपणे म्हणतो, "हां, एक लॅब्राडॉर खोकत होता, पण तो पलीकडच्या पिंजऱ्यात होता." पलीकडच्या! मधे जाळी होती ओ, भिंत नव्हती! खोकणारं कुत्रं आत घेतलंसच कसं? घेतलंस तर आम्हाला सांगायला तोंड नव्हतं?

दुसरा राग वेगळाच. मी दरवर्षी न चुकता इंजेक्शन देते आणि त्यात सगळं आलं असं समजून बसले होते. त्यात पॅराइन्फ्लुएन्झा आणि ॲडिनोव्हायरस या दोन विषाणूंवरची लस आहे, पण या खोकल्याचा मुख्य जिवाणू बोर्डेटेला, त्यावरची नाही. त्याची लस वेगळी, नाकात थेंब टाकून द्यायची, वर्षातून एकदा, आणि बोर्डिंगला सोडायच्या आधी निदान आठवडाभर तरी. इतक्या वर्षांत एकानंही सांगितलं नाही! लस घेतली म्हणून खोकला होणारच नाही असं नाही, पण झाला तर हलका जातो. मोठं कुत्रं दोन-तीन आठवड्यांत सावरतं. या चिमुकल्यांची श्वासनलिका आधीच नाजूक, पॉमेरेनियनची तर जास्तच, त्यात गळ्यात पट्टा घालून ओढलं की ढास थांबतच नाही. पट्टा त्याच दिवशी काढून टाकला, आता छातीचा हार्नेस.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय, पूर्ण कोर्स संपवायचा. फिरणं, पळणं बंद. घरात उदबत्तीसुद्धा लावत नाही. खाणं सुटलं, ताप आला किंवा श्वास जोरात चालायला लागला तर लगेच आणा म्हणालेत, न्यूमोनिया होऊ शकतो. गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांपासून तिला लांब ठेवतोय, कारण त्या माणसानं आम्हाला जे केलं ते मला दुसऱ्या कुणाला करायचं नाही.

काल रात्री दोन वाजता परत ढास लागली. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून, दार लावून, वाफेत तिला मांडीवर घेऊन अर्धा तास बसले. छातीवर हात ठेवला की आतली घरघर हाताला लागते. सकाळी त्याला परत फोन लावला. आता उचलतच नाही.