१०-९ हा आकडा बरोबर आहे, ताई

नमस्कार ताई. आम्ही छापलेलं बेसबॉल कार्ड वाढदिवसाच्या आदल्या रात्री हातात पडलं, तुमच्या जिवाला घोर लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण ‘मागच्या बाजूला चुकीचे आकडे छापलेत, पाहुण्यांसमोर लाज गेली, ४५ डॉलर पाण्यात’ हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून फार लागलं, म्हणून लिहितोय.

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमचा तेव्हाचा पिचर (बॉल टाकणारा) जेकब डीग्रॉम, त्याच्या २०१८ च्या सीझनपुढे १०-९, म्हणजे १० गेम जिंकले आणि ९ हरले, असं आहे, ते खरंच तसं आहे. लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळवणारा पिचर ९ गेम हरेल कसा, असं तुम्ही विचारलंय. त्या वर्षी त्याचा ईआरए १.७० होता, म्हणजे ९ इनिंगमागे त्याने दोन रनसुद्धा दिले नाहीत. २१७ इनिंग टाकल्या, २६९ स्ट्राइकआउट काढले, म्हणजे तेवढ्या वेळा बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद केलं. पण मेट्सची बॅटिंगच चालेना. टीम ७७ जिंकली आणि ८५ हरली. बोलरने पाच विकेट काढाव्यात आणि आपल्या बॅट्समननी शंभरीही गाठू नये, तसं त्याचं वर्षभर झालं. त्याने सुरू केलेल्या ३२ गेमपैकी १३ तर त्याच्या नावावर ना जिंकलेले लागले, ना हरलेले. तरी अवॉर्डच्या ३० पैकी २९ मतदारांनी त्यालाच पहिली पसंती दिली! म्हणून तर कार्डावर १.७० मोठ्या नारिंगी अक्षरांत आहे आणि १०-९ त्याला खेटून. मुद्दाम तसं मांडलंय, नजर एकावरून दुसऱ्यावर जावी म्हणून. तुमचे मिस्टर मेट्सचे जुने फॅन आहेत म्हणालात, त्यांनाच विचारा.

शिवाय छपाईआधी दोन्ही बाजूंचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. ‘छान झालंय, करा प्रिंट’ हे उत्तर तुमचंच आहे. आणि मेट्सच्या सिटी फील्ड स्टेडियमवर काढलेला फोटो तुमच्याकडून वेळेत आला असता, तर कार्डही आधी निघालं असतं.

एडिसनमधलं हे छोटं दुकान आम्ही दोघं नवरा-बायको चालवतो. ख्रिसमसच्या ऑर्डरींवर आमचं बरंच काही अवलंबून असतं, आणि तुमचा रिव्ह्यू वाचून दोघांनी ऑर्डर थांबवल्यात. पुढच्या कार्डांवर आकड्यांखाली बारीक खुलासा टाकायचं बघतो, डिलिव्हरीचंही काहीतरी करतो.

उशिराबद्दल लिहिलंय ते राहू द्या. फक्त ‘चुकीचे आकडे’ एवढं तेवढं काढून टाका, ही विनंती.