लोणारचा फुकट गाइड

मेहकरात घर असलं की लोणार दाखवण्याची जबाबदारी आपोआप गळ्यात पडते. पाहुणे येतात ते शेगावच्या दर्शनाला, पण कचोरी पोटात गेली की म्हणतात, "एवढं आलोच आहोत तर सिंदखेडराजा आणि लोणारही उरकून टाकू." परवा पुण्याची मावशी आली. सोबत काका, दादा आणि वहिनी.

कड्यावरून सरोवर दिसताच वहिनींचा चेहरा पडला. "हिरवंच आहे की! गुलाबी कुठंय?"

मी समजावलं, ते २०२० च्या जूनमध्ये झालं होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग.

"मग आता परत कधी होणार?"

टाइमटेबल माझ्याकडेच असल्यासारखं विचारलं त्यांनी.

मावशीने बोटिंगची चौकशी केली. नाही. दादाला मासे हवे होते. एवढ्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात कुठले मासे? "मग आहे तरी काय?" मी म्हटलं, उल्का आदळली, बेसॉल्टमध्ये जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं विवर पडलं, बेसॉल्टमधलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही इथे येतात. काका म्हणाले, "खड्डेच बघायचे तर पुणं काय वाईट होतं?" हा विनोद प्रत्येक पाहुणा करतो आणि दरवेळी मला हसावं लागतं.

त्यात गावात दैत्यसूदनाचं मंदिर आधीच बघून झालेलं. विष्णूने लवणासुराला मारलं ती जागा हीच, हेही मीच सांगितलेलं. काकांनी बरोबर पकडलं. "उल्का की असुर, एकच काय ते सांग."

खाली उतरताना सगळे खुशीत होते. मोर दिसले, फोटो झाले. काठाशी चिखलाचा उग्र वास आला तशी मावशीने नाकाला पदर लावला, तो कमळजा देवीच्या देवळापर्यंत काढला नाही. मग आली सासू-सुनेची विहीर. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. मी ती शिताफीने टाळणार होतो, पण दादाने नको तिथे माहिती पुरवली.

मावशीने वहिनींकडे न बघता मला विचारलं, "खारी बाजू कुणाची रे?"

वहिनीही थांबल्या. दादा लांबच्या झाडावरचं माकड बघू लागला.

"दगडांवर शेवाळ आहे," मी म्हटलं, "जवळ जाऊ नका."

चढणीबद्दल काही बोलत नाही. काका प्रत्येक वळणावर बसले आणि दरवेळी 'रोपवे का नाही?' या विषयावर सरकारचे वाभाडे काढत उठले. मावशीचे गुडघे, माझा खांदा आणि संपलेलं पाणी असे आम्ही कसेबसे वर पोचलो.

रात्री वहिनींनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. सरोवर गुलाबीजर्द! मोबाइलमध्ये तेवढी सोय असते म्हणे.

पाच मिनिटांत मावशीच्या नणंदेचा मेसेज आला, "अय्या, अजून गुलाबी आहे? आम्ही दिवाळीत येतोच. मेहकरात आपलं घर आहे ना?"